तेरावा रकाना

माती पिशवीत आणायची असते. अर्धा किलो,
सावलीत वाळवून, वर नाव आणि खसरा नंबर.
रामकुँवरबाईंनी ती पदरात बांधून आणली
आणि माझ्या टेबलावर सोडली,
झोपलेलं मूल खाली ठेवावं तशी,
दोन्ही हातांनी.

इंदूरच्या या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं
मी माती चाळते आहे. चाळणी दोन मिलिमीटरची.
वर राहतं ते फेकायचं : खडे, मुळं,
गुटख्याची पुडी, एकदा पैंजणाचा घुंगरू.
खाली पडते ती माती,
असं आम्ही धरून चालतो.

कार्डावर रकाने बारा.
सेंद्रिय कर्ब : शून्य पूर्णांक एकतीस.
"म्हणजे?"
"कमी."
"किती कमी?"
माझ्या तोंडून निघून गेलं, भुकेली आहे.
(असं बोलायचं नसतं. आकडा सांगायचा.)
त्या हसल्या. माळवीत म्हणाल्या,
हे तर मला ठाऊकच होतं, बेन.
यात गांडुळं किती, ते कुठं लिहिलंय?

त्याला रकाना नव्हता.

एप्रिलमधल्या एका रविवारी
मी देपालपूरच्या बसने आंबल्याखेडीला गेले.
रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नरवाई जळत होती.
हार्वेस्टर गहू घेऊन जातो,
गुडघाभर काड उभं ठेवतो,
मग मुगाची घाई, आणि एक काडी.
बगळे धुराच्या कडेकडेने चालत होते
भाजलेले किडे टिपत.
सगळं रान काळं
आणि मध्ये बाईंचे चार बिघे पिवळे,
हट्टाने न विझवलेल्या दिव्यासारखे.
भोवती नांगराचे तीन फेर, आग अडवायला.
ट्रॅक्टर पुतण्याचा. भाडं त्याने दुप्पट लावलं होतं.

घरामागे खड्डा.
आमच्या पुस्तकात हिला इंदूर पद्धत म्हणतात.
मी परीक्षेत पाच गुणांसाठी लिहिली होती :
थर काडाचा, थर शेणाचा, राख, पाणी, उलथणं.
पाचपैकी पाच पडले होते.
बाई म्हणाल्या, घाल हात.
मी कोपरापर्यंत घातला.
आत ऊन होतं,
ताप उतरू लागलेल्या कपाळाइतकं.
घरी आल्यावर बांगड्यांचा वास
दोन दिवस गेला नाही.

दुसऱ्या वर्षी वारा फिरला.
गजराज पटेलच्या शेतातून आग
तीन फेर ओलांडून आली.
ओलं पोतं घेऊन पहिला धावला तो गजराजच.
अर्धा बिघा गेला.
तो काही बोलला नाही, बाईही नाहीत.
जेठात एका सकाळी
खड्ड्याच्या तोंडाशी शेणाच्या दोन ट्रॉल्या
कुणीतरी उलट्या करून गेलं होतं.
"कुणीतरी," बाई म्हणाल्या,
आणि पटेलाच्या घराकडे पाहिलंसुद्धा नाही.

तिसऱ्या वर्षी कर्ब अडतीस.
मी तीनदा मोजला.
बाईंना त्याचं फारसं काही वाटलं नाही.
सोबत नऊ जणी आल्या होत्या,
नऊ पदर, नऊ गाठी,
माझं टेबल पुरेना.
पिशवीत आणा, मी म्हटलं.
हो म्हणाल्या. पुढच्या खेपेलाही आणल्या नाहीत.
दोघी भांडत होत्या, पहिली गाठ कुणाची सोडायची.
सगळ्यांत मागे गजराजची सून,
तिच्या गाठीत नुसती राख आणि ढेकळं,
ती मात्र नजर खाली घालून उभी.

बाईंच्या कार्डावर समासात
मी पेन्सिलीने लिहिलं :
एक हात लांब, एक हात रुंद खणल्यावर,
गांडुळं सात.
साहेबांनी पाहिलं, म्हणाले, हे काय देवस्थळे बाई?
खोडा.
खोडलं.

कार्ड उजेडाशी तिरपं धरलं
तर अजून वाचता येतं.
बाई तसंच धरतात.
सुनेला आधी ते दाखवलं,
बारा आकडे नंतर.